खोडरबर आणि हाफिज

पुस्तक परत करायला गेले, तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी ते नेहमीसारखं बाजूच्या थप्पीवर न टाकता उघडून चाळलं. मराठ्यांच्या इतिहासावरचं जुनं, जाडजूड पुस्तक. पुन्हा बांधणी केलेलं, त्यामुळे आतल्या कडेची अक्षरं शिवणीत गेलेली. मधल्या एका पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. चाळता चाळता त्या थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हे तुम्ही नाही ना लिहिलंत?" मी पान बघितलं. औरंगजेबाच्या दक्षिणेतल्या छावणीबद्दलच्या एका वाक्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं रेघ ओढून समासात लिहिलं होतं, "आधार काय? उगीच काहीही." त्याखाली दुसऱ्या कुणीतरी निळ्या शाईनं, "पुढचं प्रकरण वाचा, मग बोला." दोन्ही अक्षरं जुन्या वळणाची, टपोरी, माझ्या पिढीची नव्हेतच. मॅडमची खात्री पटली. त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि माझ्याशी वर्गणीबद्दल बोलत बोलत समास साफ करायला घेतला. रबराचा चुरा टेबलावर पडला, तो त्यांनी हाताच्या कडेनं झाडला. पेन्सिल गेली. शाई काही जाईना.

प्रश्न पुसला गेला आणि उत्तर राहिलं.

आता यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. सार्वजनिक पुस्तक आहे, शंभर हातांतून जायचं असतं. प्रत्येकानं मतं नोंदवायची ठरवली तर मूळ लेखकाला जागाच उरायची नाही. भाचरांनी पुस्तकात पेननं रेघोट्या मारल्या की मी स्वतः ओरडते. पण खरं सांगायचं तर त्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त मजा त्या दोघांच्या भांडणाची आली होती. पुढे आणखी एकदोन ठिकाणी पेन्सिलवाले कुरकुरले होते आणि शाईवाल्यांनी त्यांना दामटलं होतं. ते एकमेकांना ओळखत असतील का, एकाच वेळचे सभासद असतील का, की पहिला गेल्यावर पंधरा वर्षांनी दुसऱ्यानं उत्तर दिलं, काही कळायला मार्ग नाही. आता पुढच्या वाचकाला "मग बोला" हे नुसतंच दिसणार. कुणाला उद्देशून, कशाबद्दल, काही नाही. घरी आले, कुकर लावला, तरी ते डोक्यातून जाईना. आणि मग आठवलं ते थेट पाटणा.

भाचीच्या नवऱ्याची बदली पाटण्याला झाली होती, तेव्हा तिच्याकडे जाणं झालं. "मावशी, गोलघर बघू, गंगेवर जाऊ," असे तिचे बेत चालले होते आणि मी मात्र खुदाबक्ष लायब्ररी, खुदाबक्ष लायब्ररी असा धोशा लावला होता. अशोक राजपथावर ती आहे. नाव राजपथ, प्रत्यक्षात एका बाजूला पुस्तकांची दुकानं, एका बाजूला लस्सी आणि लिट्टी, मधे ई-रिक्षांचा न संपणारा कालवा, आणि कॉलेजांच्या जुन्या इमारती एकामागून एक. फाटकातून आत गेलं की आवाज एकदम कमी होत नाही, तसं वर्णन करायचा मोह होतो पण ते खोटं. हॉर्न आतही ऐकू येतात. फक्त आत आल्यावर आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही. मागच्या बाजूला गंगा. आवारातच खुदाबक्षांची कबर आहे. पुस्तकं जमवली, त्यांच्यासाठी घर बांधलं आणि शेवटी त्यांच्याच अंगणात निजले.

अरबी-फारसी हस्तलिखितं इथं एकवीस हजारांच्या आसपास आहेत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मग तिथं जाऊन करणार काय होतीस, असं भाचीनं विचारलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते होतं. अस्सल पोथ्या कुणाही येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात देत नाहीत आणि देऊही नयेत. मी जे पाहिलं ते काचेआडून आणि छायाचित्रांतून. वाचता येत नसलं की माणूस मजकुराच्या कडेकडेनं फिरायला लागतो. हाशियाची, म्हणजे समासाची, सोनेरी वेल, किड्यानं पाडलेलं भोक, काजळाच्या शाईचा रंग तीनतीनशे वर्षांनीही काळाच राहिलेला, आणि कुठे तरी मजकुराशी काटकोनात, तिरपं, घाईघाईनं केलेलं दुसऱ्याच हाताचं लिखाण. माझी नजर नेमकी तिथं अडकली.

तो फारसी कवी हाफिजचा दिवाण, म्हणजे कवितासंग्रह. मोगल बादशहांच्या खासगी संग्रहातली प्रत. समासात लिहिणारे दोघे, हुमायून आणि त्याचा नातू जहांगीर. दोघांनाही काही ठरवायचं झालं, मनाची घालमेल झाली, की हाफिज उघडायचा आणि जी ओळ समोर येईल तो कौल मानायचा. कौल लागला की त्या ओळीच्या बाजूला स्वतःच्या हातानं नोंद करायची, अमुक प्रसंगी पाहिलं, हे आलं, असं असं झालं. यातली एक नोंद मला विसरता येत नाही. जहांगीर तेव्हा जहांगीर नव्हता, सलीम होता. बापाविरुद्ध, म्हणजे अकबराविरुद्ध, बंड करून अलाहाबादेत वेगळा दरबार मांडून बसला होता. बापाचा विश्वासू सल्लागार अबुल फजल, त्याचा खून त्यानंच करवलेला. आता आग्र्याला बापाकडे जावं की न जावं? गेलं तर काय होईल? त्यानं हाफिज उघडला. गझल आली, तिचा भावार्थ असा : आपल्या गावाकडे मी का निघू नये? आपल्या माणसाच्या गल्लीतली धूळ मी का होऊ नये? गडी निघाला आग्र्याला.

सत्ता, फौज, हत्ती, सगळं असताना घरी जावं की नाही हे ठरवायला याला पुस्तक लागलं. आणि ठरल्यावर ते लिहून ठेवावंसंही वाटलं.

माझी आत्या ज्ञानेश्वरी अशीच उघडायची. डोळे मिटून, पोथीवर बोट फिरवून, मग एका ओवीवर टेकवून. धाकट्या काकाचं लग्न, आंब्याच्या बागेचा सौदा, एकदा तर दाढ काढावी की ठेवावी यासाठीसुद्धा. ओवीचा अर्थ लावण्याचं स्वातंत्र्य पूर्णपणे तिचं होतं आणि बहुधा तिला जे करायचं असे तेच ज्ञानेश्वर सांगत असत. पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घरातल्या सगळ्या मुलांच्या जन्मवेळा लिहिलेल्या. माझीही आहे, 'सकाळी, गाई सोडताना' अशी. ज्योतिषानं पत्रिका करताना या वेळेवर कपाळाला हात लावला होता. ती पोथी आता चुलतभावाकडे आहे आणि त्यानं ती छान लॅमिनेट केलेल्या पुठ्ठ्यात बांधून घेतली आहे. बांधणाऱ्यानं मागची कोरी पानं "खराब झालेली" म्हणून काढून टाकली.

हाफिजच्या त्या प्रतीला कुणी असा सुतारासारखी कापाकापी करणारा बाइंडर भेटला नाही, हे नशीब. नाही तर एखाद्या शहाण्यानं समास कातरून पान चौरस केलं असतं. जुन्या हस्तलिखितांचं असं कातरणं सगळ्या जगात झालेलं आहे.

याच संग्रहात 'तारीख-ए-खानदान-ए-तैमूरिया' आहे. तैमूरपासून अकबराच्या बाविसाव्या वर्षापर्यंतची घराण्याची हकिगत, शंभरावर चित्रांची. दुसरी प्रत जगात कुठेही नाही. २०११ साली युनेस्कोनं तिची जागतिक स्मृतींच्या यादीत नोंद केली. चित्रं काय वर्णावी! किल्ल्याला वेढा पडलाय, शिड्या लागल्यात, वरून दगड येताहेत, आणि एका कोपऱ्यात एक माणूस शांतपणे उंटाला चारा घालतोय. पण इथंही मी खालच्या कडेवरच रेंगाळले. तिथं बारीक अक्षरात नावं आहेत, रेखाटन कुणाचं, रंग कुणी भरले. बसावन, दसवंत, लाल, तुलसी, मिस्कीन. यातला दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढायचा, अकबराच्या नजरेस पडला, बादशाही चित्रशाळेत आला, मोठमोठ्यांना मागे टाकलं आणि १५८४ साली स्वतःच्या हातानं जीव दिला. घराण्याच्या वैभवाचं पुस्तक, आणि त्याच्या तळाशी एका भोयाच्या पोराचं नाव कुठल्याशा कारकुनानं नेमानं नोंदवलेलं. कशासाठी? बहुधा कुणाला किती पैसे द्यायचे त्याचा हिशेब राहावा म्हणून. आपल्याकडे लेण्यांमधल्या चित्रकारांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, ती या एका हिशेबी सवयीअभावी, असं मला कधी कधी वाटतं.

आणि सुरुवातीला शहाजहानचं हस्ताक्षर. हे पुस्तक 'शाहबाबां'च्या काळात तयार झालं, असं त्यानं लिहिलंय. शाहबाबा म्हणजे अकबर, त्याचा आजा. लहानपणी आजोबांना जी हाक मारली, तीच बादशहा झाल्यावर पुस्तकावर लिहिली. आमच्या घरी शाळेच्या इतिहासातून आलेले मोगल म्हणजे एकजात शत्रुपक्ष. तो पक्ष आहेच, मला त्यात काही सारवासारव करायची नाही. पण आजोबांना हाकेनं ओळखणारा माणूस समोर आला की क्षणभर चाचपडायला होतं.

ही पुस्तकं पाटण्याला आली कशी, ती हकिगतही तितकीच तिरपागडी. १८५७ मध्ये दिल्ली लुटली गेली तेव्हा बादशाही ग्रंथालयही लुटलं गेलं. इंग्रजांच्या बाजूचे रामपूरचे नवाब शिपायांना एकेका हस्तलिखिताला रुपया देत होते, असं सांगतात. रुपयाला एक! बाकीची वाट फुटेल तिकडे गेली. पाटण्याचे वकील महंमद बक्ष यांना या कागदांचा नाद. १८७६ मध्ये ते वारले तेव्हा मुलाच्या हाती चौदाशे हस्तलिखितं ठेवली आणि सांगितलं, ही वाढव आणि लोकांसाठी खुली कर. मुलगा खुदाबक्ष, तोही वकील. त्यानं काय काय केलं! महंमद मक्की नावाचा एक अरब रामपूरच्या नवाबाकडून फोडून आपल्याकडे आणला, महिना पन्नास रुपयांवर, आणि अठरा वर्षं त्याला सीरिया, इजिप्त, अरबस्तान, इराण असा पोथ्यांच्या मागावर फिरवला. शिवाय जाहीर केलं की जो कुणी हस्तलिखित विकायला बांकीपूरला, म्हणजे पाटण्यालाच, येईल, त्याला सौदा होवो न होवो, रेल्वेचं दुप्पट भाडं मिळेल. त्यामुळे हिंदुस्थानातलं कुठलंही जुनं बाड बाजारात आलं की आधी पाटण्याची गाडी पकडू लागलं.

१८९५ ते १८९८ ही वर्षं खुदाबक्ष हैदराबादला निजामाच्या उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश होते. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात, म्हणजे औरंगाबाद-बीडकडच्या कुणाच्या तरी बांधाचं अपील या गृहस्थांपुढे गेलं असणं सहज शक्य आहे. एकदा कोर्टातून घरी येताना वाण्याच्या दुकानात पिठाच्या पोत्यावर काही जुनी पुस्तकं पडलेली दिसली. गाडी थांबवली, चाळली, किंमत विचारली. वाणी म्हणाला, दुसऱ्या कुणाला तीन रुपयांना दिली असती, पण साहेबांना हवी आहेत म्हणजे त्यात काहीतरी असणार, वीस पडतील. न्यायमूर्तींनी निमूटपणे वीस मोजले. त्यातल्या एकाच पुस्तकाला पुढे निजामानं चारशे देऊ केले म्हणतात. मला यात आवडतो तो वाणी. अक्षर एक वाचता येत नसेल, पण गिऱ्हाइकाचा चेहरा वाचता येत होता.

त्याआधीच, १८९१ साली, चार हजारांच्या आसपास हस्तलिखितं घेऊन त्यांनी ग्रंथालय लोकांसाठी उघडलं. स्वतःकडे फार काही शिल्लक ठेवलं नाही. पुढे आजारपण आलं, कर्ज झालं. ब्रिटिश म्युझियमनं संग्रहासाठी मोठी रक्कम देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. बापाचं आणि माझं आयुष्य ज्यात गेलं ते विकायचं कसं, असा त्यांचा सवाल. हस्तलिखितं पाटण्याबाहेर जायची नाहीत, ही अट. या अटीमागे एक स्वप्नही आहे. खुदाबक्षांना एका रात्री दिसलं, ग्रंथालयाजवळची गल्ली माणसांनी फुलून गेली आहे. काय झालं म्हणून विचारलं तर लोक म्हणाले, पैगंबर तुमचं ग्रंथालय बघायला आले आहेत आणि तुम्ही इथे काय करताय? हे धावत वर गेले, तोवर ते निघून गेले होते. टेबलावर हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची, दोन हस्तलिखितं उघडी होती. जाग आल्यावर खुदाबक्षांनी त्या दोन्ही ग्रंथांवर लिहून ठेवलं की हे कधीही इमारतीबाहेर नेऊ नयेत.

पुस्तकं जपण्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या माणसानं शेवटी पुस्तकावर लिहिलंच की!

इथून जवळच पाटणा कॉलेज. इतिहासकार यदुनाथ सरकार तिथं शिकवत होते आणि औरंगजेबावरच्या कामासाठी या ग्रंथालयातली फारसी साधनं उपसत होते. त्यांनी खुदाबक्षांवर लेखही लिहिला, त्यात त्यांना ऑक्सफर्डचं प्रसिद्ध ग्रंथालय उभारणाऱ्या बॉडलीच्या पंगतीला बसवलं. आपल्याकडे सरकारांचं नाव निघालं की दोन तट ठरलेले. कामशेतला रियासतकार सरदेसायांच्या घरी येऊन राहणारे, मराठी कागदांसाठी जीव टाकणारे सरकार एका बाजूला. फारसी साधनांवर भिस्त ठेवून आमच्या बखरींना हलकं लेखणारे, म्हणून पुणेकर संशोधकांचे नावडते सरकार दुसऱ्या बाजूला. मला दोन्ही पटतात, म्हणजे कुठलंच पुरतं पटत नाही. पण माझ्या वाचनालयातल्या पुस्तकात 'आधार काय?' असं जे कुणी लिहिलं होतं, त्या आधारातला बराचसा या गल्लीत, गंगेच्या काठी, उलट्या बाजूनं उघडणाऱ्या पोथ्यांत होता, एवढं तिथं उभं राहिल्यावर कळलं. आपला सतराव्या शतकाचा निम्मा जमाखर्च ज्या लिपीत आहे, ती शाळेत सहसा कुणी शिकवत नाही आणि शिकावी असं कुणाला वाटतही नाही. मलाही वाटलं नव्हतं. वाटल्यावर मी एक फारसीचं प्राथमिक पुस्तक आणलं, अलिफ-बे झाल्यावर ते कपाटात गेलं.

दर्शनी बाजूला कर्झन वाचनकक्ष आहे. कर्झन १९०३ मध्ये ग्रंथालय पाहून गेला, त्याच्या नावानं १९०५ साली बांधलेला. आत हाफिज-बिफिज कुणी वाचत नाही. स्पर्धा परीक्षांची मुलं बसलेली असतात. बिहारच्या कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून आलेली, खोलीत जागा नाही आणि दिवे जातात म्हणून इथं. जाडजूड मार्गदर्शकांत पिवळा मार्कर चाललेला. २०२१ मध्ये राजपथावरच्या उड्डाणपुलासाठी या कक्षाचा काही भाग पाडायचं घाटलं होतं. लेखक, माजी अधिकारी, विद्यार्थी, सगळ्यांनी कल्ला केला. कक्ष उभा आहे. पण त्या गदारोळात "आत तर नुसती परीक्षेची पोरं बसतात, वारसा कसला" असंही म्हणणारे निघाले, ते मला फार लागलं. खुदाबक्षांनी लोकांसाठी उघडलं होतं ना? लोक आले. त्यांना हवं ते वाचताहेत. आणखी काय पाहिजे? तरी कबूल करते, पंख्याखाली डोकं टेकून झोपलेला एक मुलगा पाहून माझ्याही मनात आलं होतं, की अरे, भिंतीपलीकडे जहांगीरचं अक्षर आहे आणि तू घोरतोयस.

पुस्तकांच्या बाबतीत माणूस सरळ राहूच शकत नाही, हे खुदाबक्ष जाणून होते. ते म्हणत, आंधळे तीन प्रकारचे. एक ज्यांना दिसत नाही ते. दुसरे, मित्राला का होईना, चांगलं पुस्तक उसनं देणारे. आणि तिसरे, असं पुस्तक एकदा हाती लागल्यावर ते परत करणारे. हा विनोद त्यांना वडिलांच्या अनुभवावरून सुचला असावा. पाटण्याला इलियट नावाचे न्यायाधीश होते, त्यांनाही हस्तलिखितांचा शौक. त्यांनी महंमद बक्षांकडून कमालुद्दीन इस्फहानीच्या कवितांची दुर्मीळ प्रत वाचायला नेली आणि परत द्यायचं नाव काढीनात. उलट, किंमत घ्या म्हणाले, भरपूर घ्या. महंमद बक्ष भडकले, पैसे नको म्हणाले, पुस्तक द्या. साहेबापुढे कोण काय बोलणार? यथावकाश साहेब निवृत्त झाले. निवडक पोथ्या विलायतेला न्यायच्या पेट्यांत आणि टाकाऊ माल लिलावाच्या पेट्यांत, अशी बांधाबांध झाली. त्यात पेट्यांची अदलाबदल झाली. निवडक माल पाटण्याच्या लिलावात निघाला आणि महंमद बक्षांनी आपली प्रत तर घेतलीच, वर साहेबांच्या आणखी काही उत्तम पोथ्याही उचलल्या. टाकाऊ माल बोटीत बसून विलायतेला गेला. पेट्या कुणी बदलल्या, चुकून की कसं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला त्या हमालाचा दाट संशय आहे.